विरोधाची खुर्ची

तुम्हाले वाटत असंल, आता हा पोरगा सांगंल की फोन वाजला, हात थरथरले, डोळ्यापुढं अंधारी आली, बाहेर कुत्रं रडून राह्यलं होतं वगैरे. नाही हो. गंधेवार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्णीत एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये स्टेजवर होतो आणि मंडपातल्या बिघडलेल्या जनरेटरचा आवाज काढून दाखवून राह्यलो होतो. लोक पोट धरून हसत होते. खिशात फोन गुरगुरला, नाव पाह्यलं, 'काकू'. मागं जाऊन उचलला. काकू म्हणजे सरांची बायको. बातमी वाचून दाखवावी तशा आवाजात त्या म्हणाल्या, "राठोड, सर गेले. दुपारी झोपले, ते उठलेच नाहीत." मी म्हणलं, "निघतो काकू, आत्ता निघतो." तर म्हणाल्या, "काहून? कार्यक्रम सुरू आहे न तुझा? आधी पुरा कर. अर्ध्यात सोडून आलास तर दारात उभा ठेवीन."

मी परत स्टेजवर गेलो आणि जनरेटर पुरा केला. खरं सांगू? रडू नाही आलं. हुश्श झालं. लकव्यानं सरांची वाचा नेली होती. ज्या माणसाचा धंदाच बोलायचा, तो वर्षभर पलंगावर पडून नुसता 'अं... अं...' करून राह्यला होता. ते संपलं म्हणून मले मोकळं वाटलं, आणि त्याची लाज नाही वाटली.

आता सर कोण, ते सांगतो. यवतमाळच्या लॉ कॉलेजात राज्यघटना शिकवत. बाकीचे प्रोफेसर दिल्लीच्या मोठमोठ्या निकालांवर लिहीत, सर तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकड्यावर बसत. पुसद, वणी, आर्णी... एसटीनं जायचं, दिवसभर बसायचं, पाहायचं. काय पाहायचं? तर कोर्टात कोण बसते आणि कोण उभं राह्यते. हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. कॉलेजातले लोक मागं त्यायले 'बाकडेवाले सर' म्हणत. एकानं तोंडावर विचारलं होतं म्हणे, "गंधेवार, याच्यात घटना कुठं आहे?" सर म्हणाले, "कायद्यापुढं सगळे सारखे, असं लिहिलंय न? मग बाकडं रिकामं असून माणूस भिंतीले टेकून उभा काहून राह्यते? कुठल्या कलमात लिहिलंय तसं?"

तो भिंतीले टेकलेला माणूस एकदा माझा बाप होता. आमच्या तांड्यातली धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची केस, आर्णीच्या कोर्टात. बाप सकाळपासून पुकाऱ्याची वाट पाहत उभा, मी लहान, त्याच्यासंगं. सर बाकड्यावर सरकले आणि म्हणाले, "या, बसा." बाप म्हणाला, "आमी उभेच बरे, सायेब." सरांनी मग काय केलं असंल? तेही उठले आणि बापाच्या बाजूले भिंतीले टेकून उभे राह्यले. अर्ध्या तासानं बापालेच कसंतरी वाटलं, तो बसला, मग सर बसले. घरी येऊन बाप याडीले सांगत होता, "एक येडा मास्तर भेटला आज." आमच्यात आईले याडी म्हणतात. मी पुढं लॉ कॉलेजात गेलो, पहिल्याच दिवशी तो येडा मास्तर वर्गात आला, तेव्हा कुठं मले समजलं हा कोण ते.

नक्कल करायची खोड मले लहानपणापासून. घरी आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तीन जिभा तोंडात असल्या की माणूस नकलाच करणार, दुसरं काय. एका दिवशी सर यायच्या आधी मी वर्गात टेबलापुढं उभा होतो. सरांसारखा चष्मा कपाळावर चढवला, घसा खाकरला, "बरं... आता कारण सांग!" वर्ग हसला आणि एकदम गप्प झाला. मी समजलो. सर दारात. म्हणाले, "आवाज बरोबर आहे. चष्माही बरोबर आहे. पण मी युक्तिवाद अर्ध्यात सोडतो काय? पुरं कर." आणि मले त्यांच्याच आवाजात समानतेचा अख्खा तास घ्यायले लावला. जिथं चुकलो तिथं सर पोरांमध्ये बसून हात वर करत, "सर, समजलं नाही."

तिथून मी त्यांच्या कामाचा झालो. कोर्टात मोबाइल चालत नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच. मग आम्ही दोघं दिवसभर बसायचो आणि संध्याकाळी त्यांच्या घरी मी सगळं कोर्ट उभं करायचो. पट्टेवाल्याचा पुकारा, वकिलाची 'माय लॉर्ड'ची लांबण, साक्ष द्यायले आलेली म्हातारी, सगळे आवाज. सर डोळे मिटून ऐकत. मधेच थांबवत. "पुन्हा कर. म्हातारी 'हो साहेब' म्हणाली, तेव्हा जज्जानं प्रश्न पुरा केला होता, की नव्हता केला?" मी म्हणायचो, "नव्हता सर." सर म्हणत, "म्हणजे प्रश्न काय आहे ते कळायच्या आधीच ती हो म्हणाली. पाह्य! हे निकालपत्रात सापडत नाही." त्यांच्या त्या कामाले पुढं बाहेर मान मिळाला. मले मिळाली काकूंच्या हातची भाकर, वांग्याची भाजी आणि बसायले जागा.

जागेवरून आठवलं. सरांच्या बैठकीत एक वेताची खुर्ची होती, टेकायचा डावा हात लचकलेली. तिचं नाव विरोधाची खुर्ची. रविवारी चहाले विद्यार्थी, शेजारी, कोणी ना कोणी जमायचं. गप्पांमध्ये सगळ्यांचं एकमत झालं की सर टाळी वाजवत. "एकमत झालं म्हणजे कोणीतरी झोपलंय!" मग त्या खुर्चीत जो असंल त्यानं सगळ्यांच्या विरोधात बोलायचं. पटो न पटो. आणि नुसतं 'मले नाही पटत' चालत नसे, कारणं द्यायची. एकदा सगळे म्हणाले, काकूंची वांग्याची भाजी म्हणजे काय सांगावं! खुर्चीत मी. काकू झारा घेऊन दारात. मी भीत भीत म्हणलं, "तेल जास्त होते." सर म्हणाले, "कारण?" मी म्हणलं, "भाजी संपली तरी ताटातल्या तेलात काकूंचं तोंड दिसून राह्यलंय." काकू झारा घेऊन धावल्या. पण पुढच्या रविवारी तेल कमी होतं, हेही लिहून ठेवतो.

पुढं माझी वकिली काही जमली नाही. मी लग्नकार्यांचं सूत्रसंचालन करू लागलो. सर कधी बोलले नाहीत, उलट म्हणत, "तिथंही पाहत जा, कोण बसलंय, कोण उभं आहे." मग लकवा आला. मी जायचो, पलंगाशी बसायचो, पण त्यांची नक्कल बंद केली. ज्याचा आवाज गेला त्याच्यापुढं त्याचाच आवाज कसा काढावा? शेवटच्या भेटीत सरांनी चांगला हात उचलला, कपाळाकडं नेला. मले वाटलं डोकं दुखते. काकू म्हणाल्या, "चष्मा. नक्कल कर म्हणतात." मी केली. "बरं... आता कारण सांग!" सर हसले. अर्धंच तोंड हसलं, पण पुरं हसले...

तेरवीले यवतमाळले पोचता पोचता मले उशीर झाला. बैठक गच्च. फोटोले हार, नातेवाईक, जुने विद्यार्थी, त्यातले एक आता जज्ज. जागा एकच रिकामी. मी बसलो, डावा हात लचकला, तेव्हा लक्षात आलं कुठं बसलो ते. जज्जसाहेब सांगून राह्यले होते, "सर म्हणजे शांतपणा. त्यांनी कधी आवाज चढवला नाही." सगळ्या माना हलल्या. सरांचे धाकटे भाऊ म्हणाले, "देवमाणूस. शेवटी सुटले बिचारे." पुन्हा माना हलल्या, माझीही.

दाराजवळ बसलेल्या काकू म्हणाल्या, "एकमत झालं वाटते. राठोड, तू कुठं बसला?"

धाकटे भाऊ म्हणाले, "वहिनी, आज नको. दिवस कोणता, अन् हे काय!"

"भाऊजी, हे कोर्ट अजून बरखास्त नाही झालं."

हाराच्या फोटोपुढं मेलेल्या माणसाची नक्कल! एक पाऊल चुकलं तर हे घर मले बंद. तांड्यातून येऊन मी या शहरात कोणत्या घरात न विचारता बसलो असंल, तर या एका. पण काकू पाहून राह्यल्या होत्या. मी नसलेला चष्मा कपाळावर चढवला. घसा खाकरला.

"कोण म्हणते मी शांत होतो? तू? तुले वर्गाबाहेर काढलं तेव्हा खाली कँटीनमध्ये चहा सांडला होता लोकांचा. विसरला?"

आणि काय सांगू, जज्जसाहेब उठून उभे राह्यले. सवयीनं. हात बांधून.

"बस, बस. दिवसभर तुझ्यापुढं लोक उभे असतात, माझ्यापुढं तू कायले उभा?"

पहिला आवाज आला तो काकूंचा. पदर तोंडात कोंबून हसत होत्या, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. मग जज्ज हसले, मग सगळे, आणि धाकटे भाऊ म्हणाले, "अरे, दादाच आला की!" माझा जीव भांड्यात पडला. घर वाचलं.

लोक गेले. मी ताटं उचलून राह्यलो होतो, मनात म्हणत होतो की आता काकू पाठीवर हात ठेवतील. काकू आल्या.

"नाटक चांगलं केलं. कारणं किती दिली?"

मी ताट घेऊन भिंतीले टेकलो.

"एक नाही! सगळे 'सुटले, सुटले' म्हणून राह्यले, आणि तूही मान हलवली. पाह्यलं मी. त्या खुर्चीत बसून मान हलवते कोणी? सुटले म्हणजे काय रे? मी बांधून ठेवलं होतं काय त्यायले? बोलता येत नव्हतं, पण ऐकत होते न! रोज पेपर वाचून दाखवत होती मी. निकालाची बातमी चुकीची वाचली की पलंगावर बोट आपटत. शेवटच्या दिवसापर्यंत भांडत होता माणूस माझ्याशी, आणि तुम्ही म्हणता सुटले!"

"काकू, पण... मलेही हुश्श झालं होतं."

"मग तसं बोल न! मलेही झालं. त्यायचा त्रास मी पाह्यला, मले नाही होणार तर कोणाले होईल? पण दोन्ही बाजू मांडायच्या, कारणं द्यायची. एवढी वर्षं काय शिकला तू या घरात, नुसता खोकला? रविवारी ये. तयारी करून ये." आणि माझ्या हातातलं ताट ओढून घेत ओरडल्या, "आणि भिंतीले टेकून उभा काहून आहेस? कोर्ट आहे काय हे? बस तिथं."