डिकीतला निळा दिवा

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोन गावच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, आणि गाडीत त्यानेच बसवलेला गाण्यांचा बॉक्स दणदणत होता. वहिनी, त्याची बायको, दोनच शब्द बोलल्या... मी गाणं बंद केलं, तरी छातीतली धडधड थांबेना. याला आता दीड महिना होईल. तेव्हापासून मी भ्यालेला माणूस आहे. माझ्या थापा ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे पटायचं नाही.

पूर्णा गावच्या गोदामांमागे, पत्र्याच्या शेडमध्ये वामन गाड्यांना सबवूफरचे, म्हणजे दणक्याच्या स्पीकरचे बॉक्स बनवायचा. त्याच्या एका बॉक्सच्या दणक्याने नवरदेवाच्या अंगावरची ओली हळद उडून भटजींच्या धोतरावर बसली, असं मी गावभर सांगितलंय. खरं तर मांडवातला एक बल्ब तेवढा गेला होता. मलाही तसलाच हवा होता, पुढे हवेचं भोक ठेवलेला, बैलाएवढा. वामनने माझी डिकी वितीने मोजली नि हसला. "दादूस, ही गाडी हाय का जेवनाचा डबा? हिच्यात तो बॉक्स नुसता घुमंल. तुला चारी बाजूंनी बंद, लहान बॉक्स. ठोका कसा साफ येल!" मी रुसलो. त्याने ऐकलं नाही.

बॉक्स बसवला की तो अगरबत्ती लावायचा. लोकांना वाटे, पूजा चाललीय. तो मात्र गाणं लावून अगरबत्ती सांध्यांवरून फिरवायचा. धूर थरथरला की तिथून हवा निसटतेय. माझ्या बॉक्सच्या एका कोपऱ्यात धूर थरथरला. त्याने गाणं बंद केलं, फटीत सिलिकॉन भरलं, आणि डिकीत वाकल्या वाकल्याच थांबला. हात छातीवर.

"लय धडधडतंय रं."

"मग! बॉक्स कोनाचा हाय?"

"गाना बंद हाय," तो म्हणाला.

दोघांनीही बॉक्स वाजवणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या निळ्या दिव्याकडे पाहिलं. विझलेला. मी खो खो हसलो. "तुझा बॉक्स लाईटीशिवाय वाजतो, आता हे मी मानकोलीपर्यंत सांगतो बघ!" तोही हसला. घामाने निथळत होता. उन्हाने होत असेल म्हणून मी पाणी दिलं... आणि खरोखरच दोन दिवस तो किस्सा चहाच्या टपऱ्यांवर सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी वामन गेला. मयताला एकाने हळूच विचारलं, "ती बॉक्सची गोष्ट खरी होती का रे?" जन्मात सांगितलेला एकच खरा किस्सा, आणि मी म्हणालो, "छे, थाप होती."

आता गाडी चालवताना छातीत ठोके जाणवले की मी कडेला थांबतो, उतरतो, डिकी उघडतो. गाणं चालू आहे हे समोर दिसत असतं, पण भरवसा वाटत नाही. निळा दिवा पेटलेला दिसला की ठोके बॉक्सचे, असं म्हणून पुढे निघतो. गेल्या आठवड्यात मानकोलीच्या पुलाखाली डिकी उघडली, तर दिवा विझलेला. मी बॉक्सवर तळवा ठेवला. गार, मुका. कोपऱ्यात वामनच्या बोटाने पसरलेलं सिलिकॉन तसंच होतं. मी बायकोला फोन लावला. "छातीत धडधडतंय गं."

ती हसली. हसणारच, माझीच बायको, विझलेल्या दिव्याचा किस्सा तिनेही ऐकलेला.

"दिवा बंद आहे," मी म्हणालो.

पलीकडचं हसणं थांबलं.