कमरेचा डबा

साल २००९. मी बावन्न वर्षांचा होतो आणि नागपूरहून पारशिवनीकडे जाताना लागणाऱ्या एका कोळसा खाणीत बारूद वाहत होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण माझ्या कामात कोणाला खोट काढू दिली नाही.

आमचं बारूदघर वस्तीपासून लांब, माळावर. भोवती मातीचा उंच बांध, छतावर वीज जमिनीत उतरवणारी सळई. बारूदाच्या कांड्या एका खोलीत, त्यांना उडवणाऱ्या टोप्या दुसऱ्या खोलीत. दोघींची गाठ पडायची ती थेट कोळशाला पाडलेल्या छिद्रात. खिळ्यांचे जोडे दाराबाहेर, काडेपेटी आणि मोबाईल फाटकावर. आत पाय टाकला की तीस वर्षांनंतरही माझा आवाज आपोआप खाली यायचा. देवळातसुद्धा येत नाही.

खाली जाताना कांड्यांचा कुलूपबंद डबा माझ्या खांद्यावर, टोप्यांचा माझ्या साळ्याकडे. सुरुंग उडवायचं लायसन त्याचं. आम्ही वीस पावलांचं अंतर सोडून चालायचो, गप्पासुद्धा तेवढ्या लांबून. शिवाय प्रत्येकाच्या कमरेला एक छोटा डबा असे, धुरात सापडलो तर श्वास घ्यायला. त्याची शिकवणी दर वर्षी व्हायची. मी हजेरी लावून सटकायचो. साळा म्हणे, "बसत जा ना, भाऊजी." मी म्हणे, "तुले शिकायचं असंन तर शीक. मी तुह्या आधीपासून खाली उतरून राहिलो."

त्या दुपारी कोळसा वर नेणारा पट्टा घासून पेटला. आम्ही बरेच आत होतो. ज्या वाटेनं ताजी हवा यायची, त्याच वाटेनं धूर येऊ लागला. खाणीचा पंखाच त्याला आत ओढत होता. धूर धावत नव्हता. छताला पाठ घासत, माणसाच्या चालीनं येत होता. मी बघतच राहिलो. ज्या वाऱ्यानं इतकी वर्षं जगवलं, तोच हे घेऊन येत होता.

"भाऊजी, डबा ठेवा अन् चला!"

"बारूद बेवारस सोडत नसतो मी."

"तुमच्यापायी मी बी मरू का गा? ताईले काय सांगू?"

धुराच्या वाटेपासून दूर, कोळसा काढून झालेल्या एका बंद गाळ्यात मी डबा ठेवला. त्यानं टोप्या पलीकडच्या गाळ्यात ठेवल्या. त्या घाईतही वेगळ्याच. मग कमरेचे डबे काढले, रबर दातांत धरलं, नाकाला चिमटा लावला.

दोन वळणं गेली आणि तोंड भाजू लागलं. श्वास तव्यावरून यावा तसा. वाटलं, माझा डबा बिघडला. काढायला हात घातला, तोच साळ्यानं मनगट पकडून पिरगाळलं. बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत होता. मी हिसके दिले, त्यानं सोडलं नाही. तसंच ओढत, वर जायची दुसरी उताराची वाट होती तिच्या दारापर्यंत नेलं. दार लोटलं आणि थंड हवा अंगावर आली.

वर आल्यावर मी त्याच्या अंगावर धावलो. "काहून धरलं मले? डबा बिघडला होता माहा!"

"गरम होऊन राहिला होता म्हणजे काम करून राहिला होता, भाऊजी. जेवढा विषारी वायू, तेवढा गरम. काढला असता तर चार पावलांत आडवे झाले असते."

मी तो डबा हातात घेऊन बसलो. आत मूठभर दाणे, बस. समोर खाणीच्या पंख्याच्या तोंडातून धूर उसळत होता आणि त्यातल्या विषाला या दाण्यांनी माझ्या दातांपाशी अडवलं होतं.

"ताईले सांगू नका, मी तुमचा हात पिरगाळला," साळा म्हणाला.

"तू पण सांगू नको, काहून पिरगाळला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या आधी मी शिकवणीच्या खोलीत पोचलो. मास्तर म्हणाले, "काका, तुमची यंदाची हजेरी तर लागून आहे."

"ती खोडा. आज लावा," म्हटलं, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो. मागं बसणं आपल्याला जमत नाही.