मॅव्हिसचा पोपट आणि दुधाशेजारची लोकर

हॅलोबीच्या मोठ्या घरात मॅव्हिस ऑलरेडला झाडपूस करायला लागून एकतीस वर्षं झाली. घरमालक लॉर्ड गेले, त्यांचं घराणं लंडनला गेलं, घर जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं, बघायला तिकीट लागलं. मॅव्हिस होती तिथेच राहिली. हिवाळ्यात घर बंद झालं, खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी पडल्या, की ती वरच्या मजल्यावरच्या जुन्या पलंगाजवळ सुई घेऊन बसायची. पलंगाच्या पडद्यांवर तीनशे वर्षांचं लोकरीचं भरतकाम. त्यातला एक पोपट कसरीने, लोकर खाणाऱ्या किडीने, निम्मा खाल्लेला. एकोणीस हिवाळे मॅव्हिसने तो टाका-टाका भरून आणला होता. आता एक पाय तेवढा राहिला होता, आणि ईस्टरला तिची नोकरी संपायची होती.

तेवढ्यात कॉलेजची पोरं आली, घरात कलाप्रदर्शन मांडायला. विषय काय, तर ‘अदृश्य हात’. म्हणजे या घरात राबलेली माणसं. राबणारी बाई समोर ब्रश घेऊन उभी, तर तिलाच म्हणतात, "जरा बाजूला होता का, फोटोत येताय."

त्यांची म्होरकी टॅबिथा. अंगात फाटका स्वेटर, तोही भारी दुकानातून फाटकाच घेतलेला. तिला पलंगावर कच्च्या लोकरीचा ढग टांगायचा होता.

"कसर मरायला लोकर पंधरा दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय या दारातून आत येत नाही," मॅव्हिस म्हणाली.

"ठेवलीय. कागदावर सही केलीय मी."

सही सुरेख होती. बाकी त्या मुलीला सुरेख असं काही करता येताना मॅव्हिसने पाहिलं नाही. चार दिवस पोरं शिडीवर चढली-उतरली, सँडविचचे कण गालिच्यावर सांडले, आणि तिकडे ‘कष्टाचं मौन’ अशा पाट्या लावल्या. मॅव्हिस मुकाट्याने कण वेचत होती. माळी सिरिल तिला म्हणाला, "बये, तुझंच मौन आहे ते. भाडं माग."

"आधी पाटी पुसून घेते. बोटांचे डाग आहेत."

उद्घाटनाच्या सकाळी तिने सवयीने पलंगाखालचा चिकट सापळा ओढून पाहिला. तीन वर्षं तो कोरा निघत होता. आज त्यावर कसरीचे चार पतंग चिकटलेले.

तिने ओरडाआरडा केला नाही. शिडी लावली आणि ढग खाली उतरवला.

"अहो, काय करताय? ते माझं काम आहे," टॅबिथा धावत आली.

"कुठल्या फ्रीझरमध्ये ठेवली होतीस?"

"कॉलेजच्या फ्रिजमध्ये."

"फ्रीझर म्हटलं होतं मी. किती दिवस?"

"एक रात्र. दुधाशेजारी. जास्त गोठली तर लोकरीचा जिवंतपणा जातो."

"जिवंतपणा पडद्यात पोहोचला आता," मॅव्हिसने सापळा तिच्या नाकाशी धरला.

त्यांचे सर आले, गळ्यात मफलर. "मॅव्हिस, दोन वाजता पाहुणे येणार आहेत. संध्याकाळपर्यंत थांबता नाही का येणार?"

"अळीला सांगून बघा, थांबते का."

सर मफलर सावरत खाली गेले. मॅव्हिसने लोकर पिशवीत बांधून बाहेर धाडली, दाराला आतून कुलूप घातलं. किल्ली फिरवताना तिने टॅबिथाला बाहेर जाऊ दिलं नाही. हातात टॉर्च दिला. "गुडघ्यावर बस. शिवण-शिवण बघायची. अळी दिसली की बोट दाखव, हात लावू नकोस."

खाली पाहुणे ‘अदृश्य हात’ बघत वाइन पीत होते. वर कुलपामागे दोघींचे हात खरोखरच कुणाला दिसत नव्हते. पहिल्या तासात टॅबिथाचे गुडघे दुखले, दुसऱ्यात ती रडली. "नाक पडद्यापासून लांब ठेव," मॅव्हिस म्हणाली.

पाचच्या सुमाराला पोरीने बोट दाखवलं. पोपटाच्या खाली, अस्तराच्या दुमडीत, तांदळाच्या कणाएवढ्या तीन अळ्या. मॅव्हिसने चिमट्याने एकेक उचलली. मग चष्मा पुसून पोपट चोच ते शेपूट तपासला. लोकर शाबूत होती.

"वाचला?" टॅबिथाने विचारलं.

"हा वाचला. अजून तीन पडदे आहेत. टॉर्च सरळ धर."