स्वल्प म्हणजे किती

पिराजी निपाणीकडचा. बेंगळुरूत एकोणतीस वर्षं, त्यातली बावीस येलहंक्याजवळच्या एका संशोधन संस्थेत. काम एकच: कोंबडीची अंडी उबवणी यंत्रात ठेवायची आणि सांगितलेल्या तासाला काढायची. प्रत्येक अंड्यावर तो शिसपेन्सिलीनं आत ठेवल्याची वेळ लिही, मिनिटासकट. कुणी कानडी सवयीनं, थोडं अशा अर्थानं, ‘स्वल्प उशिरा काढा’ म्हटलं की विचारी, “स्वल्प म्हणजे किती?”

मंगळवारी सकाळी अनुषानं त्याला बोलावलं. ती चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातली. मेंदू कसा घडतो यावर पीएच.डी. करत होती. समोर सूक्ष्मदर्शक, बाजूला फोडलेली अंडी.

“अण्णा, ही चाळीस तासांची ना?”

“चाळीसला पाच मिनिटं कमी.”

“मग गर्भाच्या पाठीवर दहा गाठी हव्यात. तेरा आहेत. सगळ्यांत.”

यात काय बिघडलं ते पिराजीला कळत होतं. तिनंच मागे सांगितलं होतं. जी पेशी चेतापेशी व्हायला निघते ती शेजारणीला निरोप देते, मी होते, तू थांब. थांबलेल्या एकीच्या दोन होत राहतात आणि पुढच्या चेतापेशी त्यांच्यातून येतात. अनुषाचं औषध तो निरोप अडवी. मग सगळ्याच घाईनं चेतापेशी होत, मागे कुणी उरत नसे, मेंदू लहान राही. पण जास्त गाठी म्हणजे अंडंच वयानं पुढे; मग घाई औषधाची की वयाची, हे सांगता येत नाही.

“मशीन तापलं असेल,” ती म्हणाली. “नाहीतर तुमची वेळ चुकली.”

“माझी वेळ चुकत नाही.”

“सरी, ठीक आहे. मग मशीनचा दोष लिहिते.”

पिराजीनं यंत्रात दोन थर्मामीटर लावून पाहिले. दोन्ही बरोबर. मग तो फाटकावर गेला.

रविवारी अंडी लवकर आली होती. पहारेकरी नागराजनं फोन केला तेव्हा पिराजी गावाहून परतीच्या बसमध्ये होता; तीनला पोचून त्यानं ती यंत्रात ठेवली होती.

“रविवारी अंडी कुठं ठेवलेलीस?” त्यानं आता नागराजला विचारलं.

“इथंच केबिनमध्ये. दहा ते तीन.”

“पाच तास?”

“तुम्हीच म्हणालात, स्वल्प ठेव. किती ते मी विचारलं नाही. ते तुम्ही विचारता.”

एप्रिल महिना, वर पत्रा. पिराजीनं दुपारपर्यंत थांबून थर्मामीटर टांगला. छत्तीस अंश, जवळजवळ यंत्राइतकंच. पेन्सिलीनं वेळ लिहायच्या आधीच अंडी कामाला लागली होती.

तो परत आला. अनुषाची वही उघडीच होती. त्याला काही बोलायची गरज नव्हती. यंत्र जुनं होतं, आणि जुलैत तो निवृत्त होणार होता.

“अक्का, ते खोडा. मशीन चांगलं आहे. लिहा, आधी पाच तास छत्तीस अंशांत राहिली. चूक पिराजीची.”

तिनं खोडलं, लिहिलं. “छत्तीस अंडी गेली, अण्णा.”

“गेली. नवी कधी?”

“गुरुवारी दहाला.”

गुरुवारी नऊलाच तो फाटकावर होता. नागराजनं खुर्ची पुढे केली.

“स्वल्प बसा.”

पिराजी उभाच राहिला.