अण्णांच्या एअरब्रशची सर्व्हिसिंग

हौशी माणसं एकत्र जमली की कामं अर्धवट राहतात आणि किस्से साठत जातात. मैसूरला आमचंही असंच रविवारचं टोळकं आहे. वसंतण्णांच्या गच्चीवरच्या खोलीत बसून आम्ही एअरब्रशनं मॉडेल रंगवतो. एअरब्रश म्हणजे पेनासारखा धरायचा छोटा स्प्रे. वरचं बटण बोटानं दाबलं की हवा सुटते, मागं ओढलं की रंग. माणसं तीनच. मी मूळची सांगलीची, इथंच हेब्बाळला आयटीत. नितीन पुण्याचा, कडकोळच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आणि सत्तरी ओलांडलेले अण्णा इथलेच, त्यांचं घराणं एकेकाळी रंगाऱ्यांचं. त्यांची बायको सुमक्का चहा घेऊन वर येतात, पण थिनरचा वास सोसत नाही म्हणून दारातूनच बोलतात.

तिघांचेही ब्रश झिजलेले. त्यामुळे दर रविवारी वाद एकच, आहे तो दुरुस्त करायचा की सरळ नवा घ्यायचा?

*

नितीन नव्याच्या बाजूचा. फोनवर रिव्ह्यू बघायचा, एक ब्रश पक्का करायचा, आणि ऑर्डर देणार तेवढ्यात त्याहून भारी मॉडेल बाजारात यायचं. मग पुन्हा पहिल्यापासून अभ्यास! त्याचं लढाऊ विमान तोवर नुसतं प्रायमर मारून, राखाडी अंगानं खिळ्याला लटकलेलं.

अण्णा एकदा त्याच्याकडे बघत म्हणाले, "नितीन, हे उडायच्या आधीच रिटायर होणार काय की."

नितीन हसला नाही. पुढच्या रविवारी त्यानं विमान घरी नेलं. त्याचं पुढं काय झालं, ते मी अजून विचारलेलं नाही.

*

मी दुरुस्तीवाली. माझ्या ब्रशची सुई खाली पडून टोक वाकलं होतं. नवी सुई मागवायची सोडून मी ती पॉलिश पेपरवर घासत बसले. डोळ्यांना सरळ दिसली म्हणून थेट लाल मोटारीच्या बॉनेटवर रंग मारला. ब्रश असा काही थुंकला की विचारू नका.

घरी नवऱ्यानं गाडी उजेडात धरली आणि म्हणाला, "हिला देवी आल्यात का गं?"

ती गाडी मी भाच्यासाठी करत होते. मग त्याला दुकानातली दिली. त्याला काहीच फरक पडला नाही, मला मात्र अजून चुटपुट आहे.

*

एकदा नितीननं माझ्यासाठी नवं नॉझल मागवलं. नॉझल म्हणजे ब्रशच्या तोंडाशी बसणारी, मोहरीएवढी टोपी. साहेबांनी पाकीट चालू पंख्याखाली फोडलं! मग काय, आम्ही तिघंही गुडघ्यांवर.

सुमक्का दारात येऊन थबकल्या. "काय हरवलं? दागिना?"

"नॉझल," अण्णा टेबलाखालून म्हणाले.

त्यांनी नाकाला पदर लावला, आत आल्या आणि सगळी खोली झाडून काढली. सुपलीत धूळ, दोन जिरे आणि नितीनच्या शर्टाचं बटण निघालं. नॉझल काही सापडलं नाही. बटण मात्र त्यांनी तिथंच बसून शिवून दिलं, वासाबिसाचं विसरून.

*

अण्णांचा ब्रश आमच्या दोघांच्या ब्रशपेक्षा म्हातारा. पितळ उघडं पडलेलं, वरचा रंगाचा कप चेपलेला. आम्ही विमानं-मोटारी करायचो, अण्णा दसऱ्याच्या बाहुल्या. सुमक्कांना लग्नात माहेराहून राजा-राणीची लाकडी जोडी मिळाली होती. नवरात्रात इथं घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यात ही जोडी सगळ्यात वर. मांडणीच्या आदल्या दिवशी अण्णा राणीच्या गालांवर गुलाबी रंगाचा हलकासा फवारा मारायचे. लग्नापासूनचा नेम, तेव्हा कापसाच्या बोळ्यानं, पुढं या ब्रशनं.

अलीकडे त्यांच्या उजव्या हाताचं बोट आखडायला लागलं होतं. रंगाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडायला माझ्याकडे द्यायचे.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, यंदा गाल मी रंगवू का?"

"बेडा, नको," ते म्हणाले. "हे बोट चालतंय तोवर मीच. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी ब्रश खाली ठेवायचा, अन् परत धरायचा नाही."

ते हसत बोलले.

*

मी आणि नितीननं मिळून त्यांना नवा ब्रश द्यायचं ठरवलं. अण्णांनी साफ नाही म्हटलं. "माझं ह्याच्याशी जमलंय. कशाला नवं?"

मग यंदा दसऱ्याआधी अण्णा-सुमक्का मुलीकडे शिवमोग्ग्याला गेले. किल्ली माझ्याकडे होती. नितीन म्हणाला, "नवा नको ना? मग जुनाच नवा करू." कारखान्यात तो तेच करतो. मशिन उघडायचं आणि झिजलं असेल ते बदलून फॅक्टरीसारखं करून द्यायचं. त्यानं सुई, नॉझल, सील, बटणाखालची स्प्रिंग, सगळं बदललं. पितळ घासून चकचकीत केलं. मी शेजारी बसून कौतुक करत होते.

मांडणीच्या आदल्या दिवशी आम्ही ब्रश अण्णांच्या हातात ठेवला. सुमक्का राणीला घेऊन शेजारी उभ्या.

"अरे वा," अण्णा म्हणाले. त्यांनी कपात गुलाबी रंग घातला आणि बटणावर बोट ठेवलं. बटण हललं नाही. त्यांनी बोट काढून चोळलं, पुन्हा ठेवलं. मग डाव्या हाताचा अंगठा त्या बोटावर ठेवून दाबत मागं ओढलं, तेव्हा रंग भसकन कागदावर सांडला.

अण्णांनी ब्रश पुसून टेबलावर ठेवला. "चांगला झालाय," म्हणाले. "अगदी नव्यासारखा."

सुमक्का राणीला होती तशीच घेऊन जिना उतरल्या.

"नितीन," अण्णांनी हळूच विचारलं, "आतली जुनी स्प्रिंग ठेवलीस का रे कुठं?"

"टाकली, अण्णा," नितीन म्हणाला. "पार सैल झाली होती."

"झाली नव्हती रे," अण्णा म्हणाले. "केली होती. बोट आखडेल तशी, थोडी थोडी."