माधवीच्या नावावरची ओळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोला, अंजलीला, माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत — हे माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी गाठ पडायची शक्यता कमी, एवढंच. यात धैर्य वगैरे शोधू नका.

मी सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमध्ये काम करतो. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एकेक मूल्य मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आमच्या मजल्याला सचोटी आली आहे, खालच्याला नावीन्य. कँटीनच्या मजल्यावर काही लिहिलेलं नाही, आणि लोक जरा खरं बोलतात ते तिथेच.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लहान-मोठ्या क्लिनिकमधून रुग्णांचे रिपोर्ट येतात. ते तपासून एका हॉस्पिटलकडे पाठवायचे. हॉस्पिटलला फक्त पीडीएफ चालतात. आता आलेली फाइल पीडीएफ आहे हे ओळखायचं कसं? नावावरून? नाव कोणीही बदलू शकतं. क्लिनिकमधली नर्स घाईत असते, ती फोनवर रिपोर्टचा फोटो काढते, फाइलच्या नावाच्या शेवटी हाताने 'पीडीएफ' लिहिते आणि पाठवून देते. तिची चूक नाही, तिच्या दारात वीस माणसं बसलेली असतात. म्हणून फाइल उघडून आत बघायचं. प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते — पीडीएफला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ती तीन अक्षरं, फोटोला आणखी वेगळी. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दहा ओळींचं काम आहे. पहिले काही बाइट वाचा, खूण जुळली तर पुढे पाठवा, नाही जुळली तर क्लिनिकला परत.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे मीच शिकवायचो. "दारावरच्या पाटीवर जाऊ नका, दार उघडून आत बघा." हे वाक्य मी जरा खर्ज लावून म्हणत असे.

माधवीनेही ते माझ्याच तोंडून ऐकलं. माधवी नाशिकची, एम्प्लॉयमेंट पासवर आलेली, म्हणजे नोकरी आहे तोवरच इथे राहायची परवानगी. नवरा निखिल तिकडची नोकरी सोडून तिच्याबरोबर आला होता, मुलगी रेवा सहा वर्षांची. चोआ चू कांगला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायची. गणपतीत अंजलीबरोबर मोदक वळायला यायची आणि माझ्या मोदकांना "दादा, हा मोदक आहे की समोसा?" म्हणायची. ऑफिसात सगळ्यांसारखी नावाने हाक मारायची, एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसलो की पुन्हा दादा. बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत रोज सव्वा तास आम्ही शेजारी शेजारी बसायचो.

मुद्द्यावर यायला वेळ लावतोय. कळतंय मला.

एका क्लिनिकचा स्कॅनर फाइलच्या सुरुवातीला थोडा कचरा टाकायचा. त्यामुळे खूण चार अक्षरं पुढे सरकायची, आणि आमचा प्रोग्रॅम चांगल्या पीडीएफही परत पाठवायचा. क्लिनिक वैतागलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता कोणी बडे साहेब पाहणीला येणार होते — त्यांच्यासाठी ऑर्किड मागवले होते, कार्पेट धुतलं होतं. योग्य दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. मी दोन ओळी लिहिल्या. नावाच्या शेवटी 'पीडीएफ' असेल तर आत न बघता पुढे पाठवा. शेजारी शेरा लिहिला, 'तात्पुरतं'. बदल मीच केला, मंजूरही मीच केला. साहेब आले, ऑर्किडांकडे बघून छान म्हणाले, गेले.

ते तात्पुरतं तसंच राहिलं. मी विसरलो होतो का? नाही. दर आठवड्याला आठवायचं.

दोन महिन्यांनी मीच माधवीला सांगितलं, ती फाइल जरा नीटनेटकी कर. पायथनमध्ये ओळीच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, आणि त्या फाइलमध्ये कोणी टॅब वापरले होते, कोणी स्पेस. तिने सगळं एकसारखं केलं. एक अक्षर बदललं नाही, फक्त समास सारखा केला. पण आम्ही बदलांचा इतिहास ज्यात ठेवतो, तिथे एक आज्ञा आहे. कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते ती दाखवते. समास बदलला तरी तिच्या लेखी ओळ बदलली. त्या दिवसापासून फाइलमधल्या प्रत्येक ओळीपुढे माधवीचं नाव दिसू लागलं. माझ्या दोन ओळींपुढेही.

त्या आज्ञेचं नाव 'ब्लेम' आहे. ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

मग ते झालं. एका बाईंच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट क्लिनिकने फोटो काढून पाठवला, नावाला पीडीएफ. आमच्या प्रोग्रॅमने आत बघितलं नाही. पुढच्या यंत्रणेला फाइल उघडता आली नाही, तिने त्या जागी कोरं पान लावलं. क्लिनिकला वाटलं, रिपोर्ट पोचला. हॉस्पिटलला वाटलं, रिपोर्ट यायचाय. बाई वाट बघत राहिल्या. सात आठवडे.

मीटिंगमध्ये आमचा मॅनेजर डेरेक याने ती फाइल भिंतीवरच्या स्क्रीनवर लावली आणि ती आज्ञा चालवली. "सो, माधवी. व्हाय लाइक दॅट, आह?" असं काहीसं म्हणाला, आवाज न चढवता. तिने स्क्रीनकडे बघितलं. मी फक्त फॉरमॅटिंग केलं होतं, म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. डेरेकनेही बघितलं.

मी म्हणालो, मला आता आठवत नाही, तपासावं लागेल.

हीच ती गोष्ट, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही बरीच वर्षं तसंच मांडायला आवडलं असतं — ऐन वेळी जीभ टाळ्याला चिकटली, माणूस गडबडतो. पण ही ती गोष्ट नाही.

चौकशी संपेपर्यंत माधवीचा अ‍ॅक्सेस काढून घेतला, त्यामुळे तिला स्वतः काही तपासता येईना. तपासून लेखी अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं — मी सीनियर, माझ्यावर विश्वास. त्या संध्याकाळी एमआरटीत ती म्हणाली, "दादा, तुम्ही बघताय ना? मग मी नाही घाबरत." आणि रेवाच्या शाळेतल्या कुठल्याशा नाचाबद्दल बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवून आल्यावर, मी ती आज्ञा चालवली. तिला एक छोटं अक्षर जोडता येतं — नुसत्या मोकळ्या जागेचे बदल धरू नकोस, असं सांगणारं. मी ते जोडलं. माधवीचं नाव गेलं, आणि त्या दोन ओळींपुढे माझं आलं. तारीख, वेळ, सगळं. मी ते वाचलं. नीट वाचलं. मग ते अक्षर खोडलं, आज्ञा पुन्हा चालवली, माधवीचं नाव परत आलं, आणि त्या स्क्रीनचं चित्र काढून अहवालाला जोडलं.

ही ती गोष्ट.

माझं काय जाणार होतं? मी पीआर आहे, इथला कायमचा रहिवासी. माझी नोकरी गेली असती तरी घर, राहणं, मुलाची शाळा — काही हललं नसतं. फार तर एक बढती लांबली असती. तिचं सगळं त्या पासवर उभं होतं. हे मला चित्र काढतानाही माहीत होतं. मी घाबरून केलं म्हणू? भीती वाटल्याचं आठवत नाही. हात स्थिर होते. चित्राची कड मी दोनदा नीट कापली.

तिची नोकरी गेली, पास रद्द झाला. सगळं आवरून देश सोडायला महिना. मी त्यांचं कपाट खाली उतरवायला मदत केली.

जाण्याआधीच्या शनिवारी अंजलीने ठरवलं, दोन्ही कुटुंबांनी पुलाउ उबीन या छोट्या बेटावर जायचं, सायकली चालवायच्या. तिकडे जाणारी बोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. आम्ही सहा होतो. धक्क्यावर बसून राहिलो. "अंकल, कॅन्नॉट गो लाह, नॉट इनफ पीपल," रेवा मला समजावून सांगत होती. निखिल आणि अंजली पाण्याच्या बाटल्या आणायला गेले, मुलं त्यांच्यामागे गेली. बाकावर मी आणि माधवी. अर्धा तास तरी. इतका मोकळा अर्धा तास मला पुन्हा कोणी दिलेला नाही.

ती म्हणाली, "मीच केलं असणार, दादा. काहीतरी वेगळं करून बघितलं असेल, आणि पुसायचं राहिलं. खूप आठवून बघते, आठवतच नाही. पण तुम्ही तपासलंत म्हणजे बरोबरच असणार."

मग म्हणाली, "नोकरीचं जाऊ दे हो. त्या बाई... सात आठवडे, दादा. माझ्यामुळे."

मी समुद्राकडे बघत होतो. मागून सहा जणांचा घोळका आला, बारा झाले, बोटवाल्याने हाक मारली.

ती गेल्यावर मी फाइल तपासणाऱ्या त्या ओळी नव्याने, नीट लिहून काढल्या. आता प्रोग्रॅम सुरुवातीचा मोठा तुकडा वाचतो, कचऱ्याआडची खूणही शोधतो, नावाकडे ढुंकून बघत नाही. वर्षअखेरीच्या समारंभात मला त्यासाठी बक्षीस मिळालं. 'ओनरशिप' असं कोरलेला काचेचा ठोकळा, जबाबदारी घेतल्याबद्दल. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी स्टेजवर दोन शब्द बोललो. दार उघडून आत बघा, म्हणालो.

माधवी आता नाशिकला आहे. शाळेतल्या मुलांना गणित शिकवते. प्रोग्रॅमिंग सोडलं, आता हात धजत नाही म्हणाली. दर दिवाळीला तिचा मेसेज येतो. आधी पणतीचं चित्र, मग अंजलीची, मुलाची चौकशी, आणि खाली, वेगळी, एकच ओळ: 'त्या बाईंचं काही कळलं का?'

मी कधी विचारलेलं नाही. कोणाला विचारायचं ते मला ठाऊक आहे, तो माणूस माझ्याच मजल्यावर बसतो.

यंदाही तिने विचारलं. यंदाही मी तेच लिहिलं — 'नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.'