काखेत दाटणारा ड्रेस

कधीच न झालेल्या पिक्चरवर कोणी डॉक्युमेंट्री काढील, हे मला आधी खरंच वाटलं नाही. ती काढणारी मुलगी पुण्याहून आली होती. बीडच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. दारातूनच तिनं विचारलं, "काका, त्या ऊसतोड्या सुपरहिरोचा ड्रेस तुम्हीच शिवत होता ना?" मी म्हणालो, होता नाही, अजून शिवतोय. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

पिक्चरची कल्पना माझ्या मित्राची. लिंबागणेशकडच्या एका खेड्यातला हा गडी दरसाल दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा आणि पाडव्याच्या आसपास परत यायचा. त्याचा हिरो उसानं भरलेली ट्रॉली एका हातानं उचलणार होता आणि मुकादमाला त्याच्याच घराच्या माळवदावर नेऊन ठेवणार होता. हिरो तोच, डायरेक्टरही तोच. लग्नाची शूटिंग करणारा एक ओळखीचा कॅमेरा द्यायला तयार होता. ड्रेस माझ्याकडे आला, कारण मी बँडवाल्यांचे गणवेश शिवतो आणि त्यातलं जांभळं सॅटिन उरलं होतं.

पहिल्या वर्षी मी माती खाल्ली. माप दसऱ्याच्या आधी घेतलं. सहा महिने कोयता चालवून आणि मोळ्या वाहून आलेल्या माणसाचं अंग तेच राहील, असं समजणारा टेलर निदान बीडमध्ये तरी असू नये. तो आला तो कंबर उतरवून आणि उजवा खांदा फुगवून. ड्रेस अडकला आणि बाहीची शिवण टरकन गेली. आम्ही पोट धरून हसलो. "उसव बे," तो म्हणाला, "पुन्यांदा माप घे." पुन्हा शिवेपर्यंत दसरा आला.

पुढच्या वर्षापासून मात्र मी पाडव्यालाच माप घ्यायचो आणि पंधरा दिवसांत ड्रेस तयार व्हायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी तो दुकानात यायचा आणि शेवटच्या गाडीपर्यंत बसायचा. "झाला का बे?" "काखेत दाटतोय." काख मी आदल्या दिवशीच उसवून ठेवलेली असायची. घरी मी एकटा. आई गेली, बहिणी सासरी गेल्या, माझं लग्न जमवायचं राहिलं ते राहूनच गेलं. दुकानात येणारे माझ्याशी बोलतात ते मापापुरतं. हा एकटाच तासन्‌तास बसून मला शिव्या द्यायचा, गाणी म्हणायचा, ट्रॉली उचलायच्या सीनमध्ये इस्त्री उचलून दाखवायचा. पिक्चर उरकला असता तर तो माझ्याकडे कशाला आला असता? मला ती भीती होती, आणि ती खरी होती.

दोन वर्षांपूर्वी तो कोल्हापूरकडं पोराजवळ राहायला गेला. गुडघे गेले होते. फोनवर तेवढं विचारायचा, "झाला का बे?" मी म्हणायचो, थोडं राहिलंय. आमचा फोन तेवढ्या बोलण्यावरच चालू होता.

मुलीनं सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, पिक्चर का झाला नाही? कॅमेरावाला म्हणाला कॅमेरा बिघडला, गावातले म्हणाले ऊसतोड. मी म्हणालो, माप बसत नव्हतं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "काका, ड्रेस पूर्ण करून दाखवाल? तोच शेवटचा शॉट घेऊ." इतक्या वर्षांत माझ्या हाताकडं कोणी असं टक लावून बघितलं नव्हतं. मी हुरळलो. काख शिवली, दातानं दोरा तोडला, ड्रेस हँगरला लावला.

डॉक्युमेंट्री इथल्याच एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली. मित्र येतो म्हणाला होता, म्हणून शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली होती. तो आला नाही. पडद्यावर मात्र आला, केस पिकलेला. ती त्याच्याकडेही जाऊन आली होती.

"टेलरनं होऊ दिला न्हाई," तो म्हणाला. हॉल हसला. मी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "ड्रेस कवाच तयार व्हायचा. एकदा बाजार नसताना गेलो, त्यो चहा आणायला गेलता, तवा मी घालून बघितला. लई झ्याक बसला. काढून जिथल्या तिथं ठिवला. पुढच्या बाजारी गेलो तर काख उसवलेली."

"मग तुम्ही बोलला का नाही?" मुलीनं विचारलं.

"कावून बोलू? मला बी बसायला जागा पाहिजे व्हती की."

तिनं मोबाईलवर त्याला पुरा झालेला ड्रेस दाखवला. तो बघत राहिला. "झाला म्हणायचा मग," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. महिनाभर वाट बघून मी कात्री घेतली, काख उसवली आणि स्वतःच फोन लावला. म्हणालो, "काखेत दाटतोय बे."

तो हळू आवाजात म्हणाला, "आता मला एवढा परवास होत न्हाई रे. तूच घालून बघ."

मी घातला. माझ्या खांद्यांवरून तो दोन्हीकडून खाली उतरतो.